स्पायडर-मॅन मुंबईत आला, पण कोळीवाड्यात शिरलाच नाही!

मुरुड : मराठीत 'कोळी' म्हटलं की दोघं डोळ्यांसमोर येतात. एक होडी घेऊन समुद्रात जाणारा, दुसरा माळ्यावर आठ पाय पसरून बसलेला. दोघांचा धंदा एकच, जाळं टाकायचं आणि वाट बघायची. दिवाळीच्या सफाईत आपण कोळिष्टकं काढतो तीही त्यातलीच. त्यामुळे जगभर गाजलेल्या स्पायडर-मॅनचं मराठीत सरळ नाव करायचं झालं, तर ते 'कोळी माणूस' असं होतं. एकदरा, राजपुरी, नांदगावच्या पोरांना हे सांगून बघा. आधी हसतील, मग म्हणतील, 'म्हंजे आमचाच की तो!'

गंमत अशी की हा कोळी माणूस खरोखरच एकदा मुंबईत आला होता. २००४ साली 'स्पायडर-मॅन : इंडिया' नावाची चार अंकांची कॉमिक मालिका निघाली. अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीचा परवाना घेऊन गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने ती काढली. चित्रं जीवन कांग यांची, आणि गोष्ट रचण्यात त्यांच्यासोबत शरद देवराजन आणि सुरेश सीतारामन. त्याच वर्षी 'स्पायडर-मॅन २' हा सिनेमाही आला होता, तेव्हा बाजार गरम होता. या मालिकेचा नायक पीटर पार्कर नाही. त्याचं नाव पवित्र प्रभाकर, आणि तो खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला पोरगा आहे.

पुढे जवळजवळ वीस वर्षं या पवित्रचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. मग १ जून २०२३ ला 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा कार्टून सिनेमा भारतात लागला आणि त्यात हाच पोरगा उड्या मारत आला. सिनेमा दहा भाषांत होता, त्यात मराठीही होती. (१ जून म्हणजे आपल्याकडे मासेमारी बंदी सुरू होण्याचा दिवस. जाळी किनाऱ्यावर आली त्याच दिवशी हा जाळंवाला थिएटरात आला, असो.) तेव्हापासून पोरांच्या मोबाईलमध्ये, दप्तरावर, टी-शर्टवर हा कुरळ्या केसांचा स्पायडर-मॅन दिसतो. तो कोण, कुठला आणि त्याची पहिली गोष्ट पोरांच्या हातात देण्यासारखी आहे का, हे घरातल्या मोठ्यांनाही कळायला हवं.

आधी मूळ गोष्ट

स्पायडर-मॅन पहिल्यांदा छापला गेला ऑगस्ट १९६२ मध्ये, अमेरिकेत, 'अमेझिंग फँटसी' नावाच्या मासिकाच्या पंधराव्या अंकात. लिहिणारे स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को. किंमत १२ सेंट. त्यातला पीटर पार्कर आईबाप नसलेला, काका-काकूंकडे वाढलेला, अभ्यासात हुशार पण वर्गात सगळ्यांनी टिंगल केलेला पोरगा. एका विज्ञान प्रदर्शनात किरणोत्सारी कोळी त्याला चावतो आणि त्याच्या अंगात ताकद येते. भिंतीवर चढतो, उड्या मारतो. जाळं फेकायचं यंत्र मात्र तो स्वतःच्या डोक्याने बनवतो. मग थोडी घमेंड चढते. एक चोर समोरून पळत जातो, पीटर अडवत नाही. माझं काय गेलं, म्हणतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांना मारतो.

या एका चुकीवर साठ वर्षांहून जास्त काळ हा नायक उभा आहे. बाकीच्या सुपरहिरोंच्या मानाने तो लोकांना जवळचा वाटतो याचं कारणही हेच. तो चुकतो, त्याच्याकडे पैसे नसतात, परीक्षा बुडते, आणि हे सगळं होत असताना तो मारामारीत बडबड करून विनोद मारत असतो. गंभीर चेहरा करून आभाळातून उतरणारा देव तो नाही. आपल्याकडेही दूरदर्शनवर त्याचं जुनं कार्टून लागायचं तेव्हा आवडायचं ते त्याच्या या हलक्याफुलक्या स्वभावामुळे.

आता प्रश्न असा की न्यूयॉर्कचा हा पोरगा उचलून मुंबईत आणायचा कसा. जपानने त्याच्यावर १९७८ साली टीव्ही मालिका काढली तेव्हा त्याला चक्क एक भलामोठा रोबो दिला होता, कारण तिकडच्या पोरांना रोबो लागतात. त्यांना ते शोभलं. मग मुंबईच्या स्पायडर-मॅनला काय द्यायचं?

पहिल्या अंकाचं काम

कॉमिकचा पहिला अंक म्हणजे जत्रेतला पहिला पाळणा. त्यात बसून मजा आली तरच पोरगं दुसऱ्यासाठी पैसे मागतं. थोड्या पानांत पोरगा कोण, राहतो कुठे, त्याला दुखतं काय, ताकद कशी आली आणि समोर दुष्ट कोण, एवढं सगळं बसवावं लागतं. त्यातही चित्राने बोलायचं असतं, शब्द कमी. ज्यांनी कधी कॉमिक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर डावीकडून उजवीकडे, वरून खाली एकेक चौकट बघत जायची. तोंडातून निघालेल्या गोल फुग्यात बोलणं असतं, ढगासारख्या फुग्यात मनातलं, आणि चौकोनी पट्टीत सांगणाऱ्याचं.

'स्पायडर-मॅन : इंडिया'ची गोष्ट सुरू होते ती अशी. पवित्र शिष्यवृत्ती मिळवून मुंबईच्या शाळेत आला आहे. सोबत भीम काका आणि माया काकू. पैसा बेताचा. शाळेतली श्रीमंत पोरं त्याच्या कपड्यांवरून, त्याच्या गावंढळपणावरून त्याला छळतात. धोतर नेसतो म्हणून हसतात. मीरा जैन नावाची एक मुलगी तेवढी त्याच्याशी नीट वागते. दुसरीकडे नलिन ओबेरॉय नावाचा बडा माणूस एका मंतरलेल्या ताइताच्या जोरावर राक्षस बनतो. पोरं मागे लागलेली असताना पवित्रला एक म्हातारा योगी भेटतो आणि कोळ्याची शक्ती देतो, या राक्षसाशी लढायला.

नावं लक्षात आलीच असतील. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, बेनचा भीम, मे काकूची माया, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. पहिली अक्षरं जुळवून केलेला हा खेळ आहे आणि पोरांना तो ओळखायला मजा येते. पण आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर 'पवित्र प्रभाकर' असं नाव सापडायचं नाही. प्रभाकर हे आपल्याकडे आजोबाचं किंवा काकाचं नाव, आडनाव नव्हे. कुठल्या गावचा, कुणाचा, हे मराठी माणूस आडनावावरून ताडतो. इथे ताडायला काहीच नाही.

इंग्रजीतल्या 'आंट' या एका शब्दाचीही अशीच अडचण. आपल्याकडे काकू वेगळी, मामी वेगळी, मावशी आणि आत्या तर आणखी वेगळ्या. आईबाप नसलेलं पोर मामाकडे वाढलं की काकाकडे, यावर त्याचं अर्धं आयुष्य ठरतं, हे खेड्यात कुणाला सांगायला नको. मूळ गोष्टीत बेन हे बापाचे भाऊ, म्हणून इथे काका-काकू लिहिलं आहे.

जे बरोबर जमलं

अंकातली सगळ्यात खरी जागा म्हणजे पोराची टिंगल. शक्ती, राक्षस, उड्या हे सगळं बाजूला ठेवा. गावातून शहरात गेलेल्या पोराला पहिल्या वर्षात काय होतं ते या पानांवर दिसतं. मुरुड तालुक्यातून दहावी-बारावीनंतर पोरं अलिबाग, पनवेल, मुंबईला जातात. कुणी नातेवाईकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत, कुणी हॉस्टेलवर. वर्गात तोंड उघडून 'नाय' किंवा 'हाय' म्हटलं की मागच्या बाकावरून हसू येतं. मग पोरगं गप्प बसायला शिकतं. घरी फोन केला की 'सगळं बरं हाय' एवढंच सांगतं. चार-सहा महिन्यांनी सुट्टीत आलं की बोलणं बदललेलं असतं, आणि आईला वाटतं पोर हुशार झालं.

कॉलेज सोडून परत आलेली पोरंही प्रत्येक गावात एखाद-दुसरी सापडतील. कारण विचारलं तर 'जमलं नाय' म्हणतात. त्यात मार्क कमी पडले म्हणून किती आणि हसण्याला कंटाळून किती, हे कुणी मोजत नाही. या गोष्टीतला पवित्रही तसाच गप्प पोरगा आहे आणि तरीही नायक आहे, हे गावच्या पोराने एकदा बघावं असं आहे.

दुसरी बरोबर जमलेली जागा भीम काकांची. ताकद आल्यावर पवित्र एका ठिकाणी चुकतो. एका बाईवर काही गुंड चालून आलेले असतात, आणि तो मदतीला थांबत नाही. भीम काकांकडे कसलीच शक्ती नाही, तरी ते मध्ये पडतात आणि जिवाला मुकतात. चोर सुटून जाण्यापेक्षा ही जागा जास्त टोचते. रस्त्यात कुणी संकटात असेल आणि आपण मोबाईल काढून बघत उभे राहिलो, हे आज कुणालाही लागू पडतं. किनाऱ्यावरच्या माणसाला तर हे फार सांगावं लागत नाही. समुद्रात दुसऱ्याची होडी अडकलेली दिसली तर आपलं जाळं टाकून तिकडे वळायचं, मग तिच्यावर कोण आहे आणि कालचं भांडण काय होतं ते बघायचं नाही, ही इथली रीत आहे.

जे फसलं

आता धोतराचं बघू. २००४ साली मुंबईच्या शाळेत कुठल्या खेड्यातलं पोरगं धोतर नेसून जात होतं? शाळेचा गणवेश असतो. मुरुडच्या शाळांतही तेव्हा पोरं हाफ पँट-फुल पँटमध्येच होती. धोतर आजोबा नेसायचे. अंगावरचा स्पायडर-मॅनचा लाल-निळा वेशही वरून तसाच आणि खाली धोतर, पायात टोकं वळलेल्या मोजड्या. चित्र म्हणून ते उठून दिसतं, जीवन कांग यांचा हात चांगला आहे. पण धोतर-मोजडीत उंच इमारतींवरून उड्या मारणारा पोरगा बघितला की हे चित्र परदेशी वाचकाला 'भारत' ओळखता यावा म्हणून काढलंय, हे लगेच कळतं.

योगीबाबाचंही तेच. मूळ पीटरला कोळी योगायोगाने चावला. तो कुणाला चावला असता ते कुणाला माहीत? म्हणून ती ताकद कुणाचीही असू शकते, वर्गातल्या सगळ्यात मागच्या पोराचीही. इथे योगी ठरवून शक्ती देतो. म्हणजे पोरगा आधीच निवडलेला झाला. शिवाय पीटर विज्ञानाचा पोरगा होता, त्याचं जाळं त्याने स्वतः बनवलं होतं. शिष्यवृत्ती मिळवून आलेल्या पोराच्या हातून विज्ञान काढून मंत्र दिला हे पटत नाही. खेड्यातला हुशार पोरगा मुंबईला जातो तो प्रयोगशाळेसाठी जातो. बाबा गावातही भेटतात.

आणि सगळ्यात मोठी चुकलेली गोष्ट सुरुवातीला सांगितली तीच. मुंबईत गोष्ट घडवायची, नायक कोळी, त्याच्या हातात जाळं, आणि कोळीवाडा म्हणून काही नाहीच! वरळी, माहीम, कुलाबा, वर्सोवा, मढ. मुंबई म्हणजे आधी कोळ्यांची गावं आणि मागाहून शहर. मुंबादेवीचं नावही कोळ्यांच्या देवीचं. मराठी येणाऱ्या कुणीही लेखकांना एवढं सांगितलं असतं की 'कोळी' हा शब्द तयार आहे, घ्या, तर योगी लागला नसता आणि धोतरही लागलं नसतं.

नुसतं शब्दाच्या कोटीवर हे थांबत नाही. पाग टाकणारा माणूस बघितलाय का कधी, नीट थांबून? गुडघाभर पाण्यात उभा राहतो, जाळ्याची एक बाजू खांद्यावर, एक हातात. कमरेतून वळतो आणि जाळं हवेत गोल उघडतं. घेरभर गोळे लावलेले असतात त्यामुळे ते पाण्यात सरळ खाली बसतं. मग दोरी हलकेच ओढायची. लहानपणापासून हात बसल्याशिवाय ते गोल उघडत नाही, दोरीसारखं एका जागी पडतं. स्पायडर-मॅनच्या हातातून सुटणारं जाळं जगभरच्या चित्रकारांनी हजारो वेळा काढलं, पण पाग टाकणाऱ्याच्या अंगाची ती वळण कुठल्याच चौकटीत दिसत नाही. खऱ्या कोळ्याचं, म्हणजे आठ पायांच्या कोळ्याचं, सूत तर हातातून येतच नाही. ते पोटाच्या मागच्या टोकातून निघतं. सुपारीच्या वाडीत सकाळी दोन झाडांमध्ये दवाने चमकणारं जाळं दिसलं तर पोरांना दाखवा.

भिंतीवर चढण्याचं म्हणाल तर त्यातही मुरुडला बाहेरून नायक आणायची गरज नाही. जंजिऱ्याच्या बेटावर दगडी तट उभा राहण्याआधी राजपुरीच्या कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा प्रमुख होता. पुढे शिवकाळात लाय पाटील या कोळ्याची गोष्ट सांगितली जाते. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत या माणसाने रात्रीच्या अंधारात होड्या नेऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. वर सिद्दीचा पहारा, खाली खवळलेलं पाणी. मागून यायची कुमक वेळेवर आली नाही, उजाडायला आलं, तेव्हा शिड्या काढून परत फिरावं लागलं. किल्ला मिळाला नाही. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. आम्ही दर्यावरची माणसं, पालखीत बसून जाणार कुठे, असं तो म्हणाला, आणि मग त्याच्यासाठी 'पालखी' याच नावाचं गलबत बांधून दिलं, असं सांगतात. धाडसी आहे, हरलेला आहे, आणि तोंडात मिश्किल उत्तर आहे. सुपरहिरोला आणखी काय लागतं?

जुनी कॉमिकं काय करत होती

साठीच्या आसपासच्या वाचकांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ते सुरू केलं, किंमत साठ पैसे, पहिल्या अंकात वेताळ. मराठीतूनही ते निघायचं आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर टांगलेलं असायचं. वेताळाच्या घराण्याची सुरुवातही समुद्रातून आहे. चाच्यांनी जहाज लुटलं, बापाला मारलं, आणि एकटा पोरगा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. तो नायक तर अमेरिकेत लिहिलेला, आफ्रिकेसारख्या जंगलात राहणारा. पण मराठीत बोलायचा, त्यामुळे परका वाटला नाही.

मग १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर दरोडेखोराचा पोरगा, आणि दरोडेखोरांशी लढण्यासाठी गावकऱ्यांनाच उभं करतो. अंगावर कुर्ता आणि जीन्स. बघा, पवित्रच्या अठ्ठावीस वर्षं आधीच्या नायकाला जीन्स होती! त्या काळी गावाकडची तरुण पोरं तशीच राहत होती, म्हणून तो खरा वाटला. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं.

या आबिद सुरतींची पुढची गोष्ट त्यांच्या कॉमिकइतकीच वाचण्यासारखी आहे. उतारवयात त्यांनी मीरा रोडला 'ड्रॉप डेड' नावाची संस्था काढली. दर रविवारी एक प्लंबर सोबत घ्यायचा, इमारतीत घरोघर जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. एका नळातून थेंब थेंब किती पाणी जातं ते उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब चालणाऱ्या वाड्यांना विचारा. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात पान्हा, आणि दारात उभा राहून विचारतो, नळ गळतो का हो तुमचा? यावर कुणी कॉमिक काढलं तर पहिलाच अंक हातोहात जाईल.

मराठीतला फास्टर फेणेही इथे आठवतो. भा. रा. भागवतांनी त्याला फुरसुंगीचा केला, पुण्याच्या शाळेत आणला, सायकल दिली आणि तोंडात 'ट्टॉक'. हडकुळा पोरगा, शक्ती शून्य. फुरसुंगी हे गाव नकाशात सापडतं. पवित्रचं गाव मात्र वाचकाच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही, आणि तिथेच त्याचं पारडं हलकं होतं.

२०२३ चा पवित्र

सिनेमात आलेला पवित्र मात्र बदलला होता. धोतर नावापुरतं, केस भरघोस, तोंडाची टकळी चालू. त्याचं शहर मुंबई आणि न्यूयॉर्कचं मॅनहॅटन मिसळून केलेलं, नाव मुंबॅटन, मजल्यावर मजला, गर्दीवर गर्दी. पाहुण्या स्पायडर-मॅनला तो शहर फिरवतो तेव्हा जिकडे तिकडे ट्रॅफिकच दाखवत सुटतो. पाहुणा चहाला 'चाय टी' म्हणतो तेव्हा त्याची चांगली खरडपट्टी काढतो, चहाला चहा-चहा काय म्हणतोस म्हणून. इंग्रजांनी इथून काय काय नेलं तेही चालता चालता हसत सुनावतो. हिंदी आणि पंजाबीत त्याला आवाज क्रिकेटपटू शुभमन गिलने दिला होता.

यातला पोरगा स्वतःच्या शहराबद्दल लाजत नाही, आणि म्हणूनच त्याचा विनोद चालतो. २००४ च्या अंकात पवित्रवर सगळे हसतात, २०२३ मध्ये तो सगळ्यांना हसवतो. हलकाफुलका सुपरहिरो म्हणून दुसरा जास्त जमलाय यात वाद नाही. पण गावाहून आलेल्या पोराचं दुखणं पहिल्यातच आहे, दुसऱ्यात ते गळून गेलं. कोळीवाडा तेवढा दोन्हीकडे हरवलेलाच.

त्याच २०२३ मध्ये मार्व्हलने 'स्पायडर-मॅन : इंडिया' याच नावाने पाच अंकांची नवी मालिकाही काढली, लेखक निकेश शुक्ला, चित्रकार अभिषेक माळसुणी. नाव एकच असल्याने मोबाईलवर शोधताना गोंधळ होतो. पहिल्या अंकाची गोष्ट वाचायची असेल तर साल २००४ आणि जीवन कांग हे नाव बघून घ्या.

पोरांच्या हाती देताना

गोष्टीत राक्षसाची चित्रं भीतीदायक आहेत आणि काकांचा मृत्यू आहे. पहिली-दुसरीच्या पोराला एकट्याला देऊ नये. पाचवी-सहावीच्या पुढे हरकत नाही. भाषा इंग्रजी आहे पण वाक्यं लहान असतात आणि अर्थ चित्रातून लागतो, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलेल्या पोरालाही धीर येतो. शेजारी बसून फुग्यातली वाक्यं मोठ्याने आपल्या बोलीत सांगायला लावा. पवित्रला कोळीवाड्यातल्या बोलीत बोलू द्या, बघा कसा लगेच जिवंत होतो ते.

उड्या मारण्याचं मात्र आधीच स्पष्ट सांगावं. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाल्यावर तो वाचवायला येईल या आशेने पोरांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि मुकेश खन्ना यांना पडद्यावरून पोरांना समजावत राहावं लागलं होतं. आपल्याकडे माड आहेत, विहिरी आहेत, तटबंदी आहे. 'चित्रातला पोरगा पडत नाही, तू पडशील' एवढं एकदा बोलून ठेवायला वेळ लागत नाही.

व्हॉट्सॲपवर 'फ्री कॉमिक' म्हणून येणाऱ्या लिंकपासूनही सावध. त्यातली एपीके फाईल दाबली की कॉमिक राहतं बाजूला आणि फोनमधले बँकेचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जातात. पीडीएफ म्हणून आलेली फाईल उघडण्याआधी तिच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचावं. ॲप घ्यायचंच तर प्ले स्टोअरवरून, आणि पैसे कापणारी मुदत कधी सुरू होते ते बघून.

आणि ज्यांच्या घरी चित्र काढणारं पोर आहे त्यांनी बंदीच्या दोन महिन्यांत त्याला एक जुनी वही द्यावी. पानावर सहा चौकटी आखायच्या. पहिल्या चौकटीत रात्रीचा समुद्र आणि दूरवर जंजिऱ्याचा तट. दुसरीत होडीतली शिडी. पुढच्या चार चौकटींत काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून काढायला सांगा.